‘दहाच मिनिटं राहिली होती’: पेशंट घेऊन निघालेलं हेलिकॉप्टर मध्येच उतरतं तेव्हा

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. प्रश्न विचारणारी नर्स चार महिन्यांपूर्वी एका हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्सवर रुजू झाली. डोक्याला मार लागलेला, व्हेंटिलेटरवरचा ५८ वर्षांचा पेशंट, उड्डाण साधारण २५ मिनिटांचं. पंधराव्या मिनिटाला पायलटसमोर इशाऱ्याचा एक दिवा लागला आणि त्याने एका शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरवलं. रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स यायला ४० मिनिटं लागली. पेशंट पोचला, आज आयसीयूत आहे. पण पेशंट जिथे न्यायचा होता त्या, पलीकडच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी फोनवर सुनावलं, "दहाच मिनिटं राहिली होती, तेवढं आणता आलं नाही?" नातेवाईकही चिडले. आता ती विचारते आहे: पायलटचं बरोबर होतं का? पेशंटची अवस्था सांगून मी त्याला थांबवायला हवं होतं का? मैदानात मी काय वेगळं करायला हवं होतं? आणि शेवटी एक ओळ: "आता उड्डाणात माझं निम्मं लक्ष त्या दिव्यांकडेच असतं."

मी मूळची मिरजेची, नर्सिंगही तिथेच केलं. गेली अठरा वर्षं अमेरिकेत आहे. त्यातली तेरा हेलिकॉप्टरवर फ्लाइट नर्स म्हणून गेली आणि आता मी नव्या क्रूला शिकवते. मी पायलट नाही, त्यामुळे यंत्राबद्दल जे लिहिते ते शेजारी बसून शिकलेलं आणि मेकॅनिक लोकांना विचारून विचारून पक्कं केलेलं आहे. कुठला दिवा लागला, हेलिकॉप्टर एका इंजिनाचं होतं की दोन, खाली डोंगर होते की सपाटी, यावर उत्तर बदलतं. हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून त्या पायलटच्या त्या दिवशीच्या निर्णयाचा निवाडा मी करणार नाही. पण तो निर्णय कसा घ्यायचा असतो आणि त्यात आपलं काम कुठे सुरू होतं, हे सांगू शकते.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक, हे यंत्र पुढे उडण्याच्या लायकीचं आहे का? दोन, या पेशंटला उशीर सोसेल का? पहिल्याचं उत्तर दुसऱ्याकडे न बघता द्यायचं असतं. पेशंट कितीही अत्यवस्थ असला तरी गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ते कळत नाही. तुमच्या पलीकडच्या डॉक्टरांनी हे दोन प्रश्न एक करून टाकले, आणि तुमच्या मनातही ते तसेच बसलेत.

दिव्यांचं थोडं सांगते, कारण तुमची भीती तिथे आहे. सगळ्यात जास्त वेळा ज्याच्यामुळे हेलिकॉप्टर मध्ये उतरतं तो म्हणजे ‘चिप’चा दिवा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या तेलात एक चुंबकाची खुंटी बसवलेली असते. आतलं काही झिजलं, तुटलं, तर लोखंडाचा कीस तेलाबरोबर फिरतो आणि त्या चुंबकाला चिकटतो. कीस पुरेसा जमला की विजेचा मार्ग जोडला जातो आणि पुढे दिवा लागतो. अडचण अशी की नवीन गिअरबॉक्समधली निरुपद्रवी बारीक झीजही दिवा लावते आणि फुटायला आलेलं बेअरिंगही तोच दिवा लावतं. हवेत असताना दोन्हींत फरक करायला पायलटकडे तेलाचा दाब, तापमान आणि स्वतःचे कान एवढंच असतं.

म्हणून प्रत्येक हेलिकॉप्टरच्या मॅन्युअलमध्ये कुठल्या इशाऱ्याला काय करायचं हे आधीच लिहून ठेवलेलं असतं. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. ‘लँड इमिजिएटली’ म्हणजे आत्ता, खाली झाड असो की पाणी. ‘लँड ॲज सून ॲज पॉसिबल’ म्हणजे सुरक्षित उतरता येईल अशा सगळ्यात जवळच्या जागी, मग ते शेत असो, मैदान असो. ‘लँड ॲज सून ॲज प्रॅक्टिकेबल’ म्हणजे फार लांब जाऊ नका, पण जागा आणि वेळ पायलटने ठरवावी. तुमच्या पायलटने मैदान गाठलं यावरून बहुधा दुसरी पायरी होती. तिच्यात ‘दहा मिनिटांवर हॉस्पिटल आहे’ ही सवलत नाही. ती सवलत असली तर तिसरीत. हा फरक तुमच्या बेसवरच्या, म्हणजे हेलिकॉप्टर जिथून निघतं त्या ठाण्यावरच्या, पायलटकडून तुमच्या हेलिकॉप्टरचं मॅन्युअल उघडून समजून घ्या. कुठला दिवा कुठल्या पायरीत येतो याची अर्ध्या पानाची यादी होईल. ती पाठ झाली की दिवा लागल्यावर पुढे काय होणार हे तुम्हालाही आधीच ठाऊक असेल. माझं स्वतःचं दडपण त्या यादीनेच सगळ्यात जास्त कमी झालं होतं.

माझ्या चौथ्या वर्षातलं एक उतरणं सांगते. फेब्रुवारी महिना, एका इंजिनाचं हेलिकॉप्टर. स्ट्रेचरवर साठीच्या एक बाई, महाधमनीला आतून चीर पडलेली. अशा पेशंटचं प्रेशर औषधाने दाबून ठेवावं लागतं आणि शक्य तितक्या लवकर ऑपरेशन टेबलावर न्यावं लागतं. हॉस्पिटल बारा मिनिटांवर होतं. हेडफोनमध्ये पायलटचा आवाज आला, "इंजिन चिप. डावीकडचं शेत घेतोय. दोन मिनिटं." एवढंच. मला त्याला काहीतरी सांगायचं होतं, तुम्हाला वाटलं अगदी तेच. मी तोंड उघडलंही होतं. माझ्यासमोर बसलेल्या अनुभवी पॅरामेडिकने, म्हणजे ॲम्ब्युलन्सवरच्या प्रशिक्षित सहकाऱ्याने, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बाईंच्या पट्ट्यांकडे बोट दाखवलं. पट्ट्या आवळल्या, शिरेतून औषध देणारे दोन्ही इन्फ्युजन पंप क्लॅम्पमध्ये आहेत ना ते हाताने ओढून पाहिलं, हेल्मेटची काच खाली घेतली. मक्याच्या धसकटांवर आम्ही इतके हळू टेकलो की बाईंना कळलंही नाही.

ॲम्ब्युलन्स २६ मिनिटांनी आली. इंजिन बंद म्हणजे हीटर बंद. आम्ही आमची जाकिटं त्यांच्या अंगावर घातली. पंपाच्या नळीतला थेंब थिजेल की काय असं वाटण्याइतकी थंडी होती, म्हणून मी ती नळी माझ्या हातमोज्यात धरून बसले होते. बाईंचं ऑपरेशन त्या रात्री झालं आणि त्या वाचल्या.

संध्याकाळी मेकॅनिकने ती खुंटी काढून पांढऱ्या कपड्यावर पुसली. पापणीच्या केसाएवढा, चांदीसारखा चमकणारा कीस, दोन-तीन धागे. मी म्हटलं, "एवढ्यासाठी?" त्याने कपड्याची घडी घातली आणि तो कीस तपासणीसाठी पाकिटात भरला. म्हणाला, बेअरिंग जायला लागतं तेव्हा पहिल्या दिवशी हे असंच दिसतं. त्या इंजिनाचं पुढे काहीही गंभीर निघालं नाही. तरीही आज तोच दिवा लागला तर मला तेच शेत हवं आहे.

आता उलट बाजू, कारण ती लपवली तर माझ्या उत्तराला अर्थ राहणार नाही. उतरण्याची किंमत कधीकधी पेशंट मोजतो. हार्ट अटॅकचे एक गृहस्थ आमच्याबरोबर असताना धुक्यामुळे आम्हाला एका छोट्या धावपट्टीवर उतरावं लागलं आणि तिथून रस्त्याने नेताना ते वारले. त्यांच्या मुलीशी मी बोलले आहे. आम्ही पुढे गेलो असतो तर ते वाचले असते का, हे मला सांगता येत नाही. पुढे गेलो असतो तर आम्ही चौघंही त्या धुक्यात मेलो असतो का, तेही सांगता येत नाही. हा हिशोब पूर्ण सुटत नाही. पण त्यातला एक आकडा पक्का असतो. हेलिकॉप्टर पडलं तर त्याच्याबरोबर पेशंटही पडतो.

२६ ऑगस्ट २०११ ची अमेरिकेतली मिसूरी राज्यातली मॉस्बीची दुर्घटना मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते. एका हॉस्पिटलमधून दुसऱ्यात पेशंट हलवायचा होता. पेशंट घ्यायला उतरल्यावर पायलटच्या लक्षात आलं की समजत होतो त्यापेक्षा इंधन कमी आहे. तेव्हा हेलिकॉप्टर जमिनीवर उभं होतं, सगळे सुखरूप होते. तिथेच थांबून इंधन मागवता आलं असतं. त्याऐवजी वाटेत मॉस्बीच्या विमानतळावर भरून घेऊ असं ठरलं आणि ते निघाले. विमानतळाच्या अगदी जवळ येऊन इंधन संपलं, इंजिन बंद पडलं, आणि पायलट, नर्स, पॅरामेडिक, पेशंट असे चौघं गेले. तिथल्या तपास मंडळाने, एनटीएसबीने, पायलटची दमणूक, त्या दिवशीचे त्याचे खाजगी मोबाईल मेसेज आणि कंपनीच्या पद्धतीतल्या त्रुटी अशी बरीच कारणं नोंदवली. माझं लक्ष मात्र नेहमी त्या हेलिपॅडवरच्या काही मिनिटांकडे जातं. पेशंट तयार आहे, नातेवाईक बघताहेत, पलीकडे बेड तयार आहे. अशा वेळी ‘थांबू या’ म्हणायला किती जड जातं ते मला माहीत आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पेशंटची अवस्था सांगून पायलटला थांबवायला हवं होतं का? अजिबात नाही. आणि हे मी चूक करून शिकले. दुसऱ्या वर्षी एका पेशंटचं प्रेशर घसरत होतं आणि बाहेर ढग खाली येत होते. मी दर दोन मिनिटांनी विचारत होते, "अजून किती?" मला वाटत होतं मी फक्त वेळ विचारते आहे. पायलट नेहमीपेक्षा खालून उडत राहिला, वेग कमी करत राहिला, आणि शेवटी एका छोट्या विमानतळावर उतरला. रात्री तो मला बाजूला घेऊन शांतपणे म्हणाला, "मी दहा मिनिटं आधी उतरायला हवं होतं. तुझा आवाज ऐकून उतरलो नाही." ते वाक्य मी आजही विसरलेले नाही.

यासाठीच अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी कॉल येतो तेव्हा पायलटला पेशंटबद्दल काही सांगतच नाहीत. लहान मूल आहे की म्हातारा, अपघात आहे की बाळंतपण, काही नाही. कुठून कुठे जायचं आणि वजन किती, एवढंच. हवामान आणि यंत्र बघून तो हो किंवा नाही म्हणतो. उड्डाणातही पद्धत अशी की ढग आपल्याला खाली ढकलायला लागले आणि वेग नेहमीपेक्षा ३० नॉटने (ताशी सुमारे ५५ किलोमीटरने) कमी करावा लागला, की तीच वेळ परत फिरण्याची किंवा उतरण्याची, असं आधी ठरवून ठेवायचं. ऐन वेळी माणूस स्वतःची समजूत घालत राहतो. आधी ठरवलेल्या आकड्याशी अशी घासाघीस चालत नाही.

उलट दिशेने मात्र तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तिथे एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं, ‘थ्री टू गो, वन टू से नो’. जायला तिघांचा होकार लागतो, नकाराला एकाचा पुरतो. तुम्हाला वास आला, वेगळा आवाज आला, बाहेर काही दिसेनासं झालं, तर नवीन आहात म्हणून गप्प बसू नका. "मला हे बरं वाटत नाही, उतरू या" एवढं पुरे, कारण सांगता आलं नाही तरी चालतं. चार महिन्यांच्या नर्सचा नकार आणि वीस वर्षांच्या नर्सचा नकार सारखाच मोजला जात नसेल, तर त्या बेसबद्दल मला काळजी वाटेल.

एक बारीक मुद्दा. उतरायचं पक्कं झाल्यावर आणि पायलटसमोर सारख्याच सुरक्षित दोन जागा असल्या, तर पेशंटची माहिती उपयोगी पडते. ‘लँड ॲज सून ॲज प्रॅक्टिकेबल’ असेल तेव्हा तर नक्कीच. "हायवेलगतची जागा मिळाली तर ॲम्ब्युलन्स लवकर येईल" किंवा "जिल्हा रुग्णालय वाटेत आहे" हे सांगा, पण त्याने विचारल्यावर किंवा तो जागा शोधतो आहे हे दिसल्यावर. एकदा, थोडक्यात, शांत आवाजात. तो जागा पक्की करून खाली यायला लागला की कॅबिनमध्ये बोलणं बंद. विजेच्या तारा दिसल्या तर तेवढं ओरडून सांगायचं, बाकी काही नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: उतरायचं की नाही हे यंत्र आणि हवामान ठरवतं, पेशंट नाही, जागेच्या निवडीत पेशंटला थोडी जागा आहे, आणि नकार देण्याचा हक्क तुम्हाला पहिल्या दिवसापासून आहे.

भारतातल्या २०२५ सालच्या घटना तुमच्या मनात असतील, म्हणून त्यांच्याबद्दल. १७ मे ला केदारनाथजवळ ऋषिकेशच्या एम्सची हेलि-ॲम्ब्युलन्स उतरताना कोसळली, शेपटीचा भाग तुटला, पण आतले तिघं, म्हणजे पायलट, डॉक्टर आणि नर्सिंगचे सहकारी, वाचले. ७ जूनला रुद्रप्रयाग जिल्ह्यात यात्रेकरूंचं एक हेलिकॉप्टर उडताच बिघडलं आणि पायलटने ते थेट रस्त्यावर उतरवलं. शेपूट एका गाडीवर आपटून तुटली, आतले पाचही यात्रेकरू सुखरूप राहिले. त्यानंतर आठच दिवसांनी, १५ जूनला, गौरीकुंडाजवळ दुसरं हेलिकॉप्टर खराब हवेत पडलं आणि सात जण गेले. त्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचं एक जोडपं आणि त्यांची दोन वर्षांचीही न झालेली मुलगी होती. केदारनाथ साडेतीन हजार मीटरहून उंचावर आहे. तिथे हवा विरळ, दरी अरुंद, ढग मिनिटांत भरून येतात. तिथे उतरायला सपाट मैदान मिळणं हीच चैन आहे. तुमच्या पायलटला शाळेचं मैदान मिळालं आणि त्याने ते घेतलं. रस्त्यावर शेपूट तुटलेलं हेलिकॉप्टर आणि मैदानात धड उभं असलेलं हेलिकॉप्टर यांतलं काय बरं, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

समुद्रावर तर मैदानही नसतं. २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर पोरबंदरजवळ एका जहाजावरच्या जखमी खलाशाला आणायला गेलं होतं, ते जहाजाजवळ पोचता पोचता समुद्रात कोसळलं. चौघांपैकी एकच वाचला. मुंबई हायसारख्या तेलविहिरींवर पेशंट आणायला जाणाऱ्या डॉक्टर-नर्सनी पाण्यात उलट्या झालेल्या केबिनमधून बाहेर पडायचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय चढूच नये, असं माझं ठाम मत आहे.

आता तिसरा प्रश्न, तुमच्या हातातलं काम. पायलट ‘उतरतोय’ म्हणाला की तुमच्याकडे दोन ते पाच मिनिटं असतात. त्यात उपचार करायचे नाहीत, बांधायचं आहे. पेशंटचे खांद्याचे आणि मांडीचे पट्टे आवळा. डोक्याला मार लागलेल्याचं डोकं वर केलेलं असतं, ते स्ट्रेचर सपाट करा. मॉनिटर, सक्शन, बॅग, कात्री, सगळं अडकवा. धक्क्यात दोन किलोचा मॉनिटर सुटला तर तो पेशंटच्या तोंडावर येतो. मग स्वतः बसा, खांद्यावरचे पट्टे लावा, काच खाली घ्या. ऑक्सिजन कधी बंद करायचा हे तुमच्या कंपनीच्या पद्धतीप्रमाणे. आमच्याकडे जोरात आदळण्याची शक्यता असेल तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करतात, साध्या खबरदारीच्या उतरण्यात चालू ठेवतात. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसाठी हे आधी ठरलेलं असायला हवं आणि अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, हाताशी हवी.

पट्ट्यांबद्दल मी हट्टी आहे. ११ जानेवारी २०२२ ला पेन्सिल्व्हेनियात ड्रेक्सेल हिल इथे एक हेलिकॉप्टर तान्ह्या बाळाला घेऊन जात होतं. अचानक ते हवेत एका बाजूला कलंडून गरगर फिरलं. नर्स आणि पॅरामेडिक बाळाकडे बघण्यासाठी पट्टे सोडून उठले होते, ते छताला चिकटले. बाळ मात्र स्ट्रेचरला नीट बांधलेलं होतं. पायलटने ते एका चर्चशेजारी कसंबसं खाली आणलं आणि चौघंही जिवंत बाहेर आले. उठावं लागतंच, हे मलाही कळतं. पण उठण्याआधी पायलटला सांगायचं आणि काम झालं की लगेच बसायचं.

टेकल्यावर घाई करू नका. पंखा पूर्ण थांबल्याशिवाय दार उघडायचं नाही, आग किंवा धूर असेल तर गोष्ट वेगळी. शेपटीच्या बाजूला कधीही जायचं नाही. उतार असेल तर चढाच्या बाजूने उतरायचं नाही, तिकडे पंखा डोक्याजवळ असतो. आदळून उतरलात आणि पायलट शुद्धीवर नसेल, तर इंधन आणि बॅटरी तुम्हालाच बंद करावी लागते. हे बेसवर जमिनीवर शिकून घ्या. आम्ही वर्षातून एकदा डोळ्यांवर पट्टी बांधून बक्कल सोडतो आणि दार चाचपून बाहेर येतो. कपडेही सुती घाला, आतलेही. नायलॉन आगीत वितळून कातडीला चिकटतं.

मैदानात मात्र तुम्ही चाकं नसलेल्या ॲम्ब्युलन्समध्ये आहात असं समजा. उतरल्याबरोबर श्वासनळीतल्या ट्यूबची खूण दातापाशी तीच आहे ना ते बघा, दोन्ही बाजूंनी छातीचा आवाज घ्या, कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) असेल तर त्याची लाट बघा, आणि डोकं पुन्हा ३० अंश वर करा. डोक्याला मार लागलेल्या पेशंटचं प्रेशर आणि ऑक्सिजन एकदा जरी खाली गेलं तरी मेंदूचं नुकसान होतं, त्यामुळे या वयात वरचं प्रेशर १०० च्या खाली जाऊ द्यायचं नाही. ही सगळी कामं तिथेही होतात. धुराचा किंवा इंधनाचा वास नसेल तर ॲम्ब्युलन्स शेजारी येईपर्यंत पेशंट हलवू नका. प्रत्येक हलवाहलवीत ट्यूब निघण्याचा धोका असतो. मे महिन्याची दुपार असेल तर दारं उघडी टाका आणि सावलीसाठी शाळेतून सतरंजी मागून घ्या.

ऑक्सिजनचा हिशोब तिथेच करा. ५ लिटर क्षमतेचा सिलेंडर १५० बारवर (बार हे दाबाचं माप) असेल तर ७५० लिटर. शेवटचे २० बार धरायचे नाहीत, राहिले ६५०. व्हेंटिलेटर मिनिटाला १० लिटर खात असेल तर ६५ मिनिटं. २५ मिनिटांच्या उड्डाणाला ते भरपूर वाटतात. तुमच्या बाबतीत १५ मिनिटं हवेत, ४० मैदानात, म्हणजे ॲम्ब्युलन्स आली तेव्हा दहा मिनिटांचा उरला असता, आणि पुढचा रस्ता अजून बाकी. म्हणून १०८ ला फोन करताना जागा नीट सांगा, आणि पहिल्याच वाक्यात ‘व्हेंटिलेटरचा पेशंट आहे, भरलेला सिलेंडर हवा’ म्हणा. माझा नियम असा: ठरलेल्या वेळेच्या दुप्पट आणि वर अर्धा तास, एवढा ऑक्सिजन आणि एवढीच पंपाची बॅटरी असल्याशिवाय मी दार लावत नाही.

शाळेचं मैदान म्हणजे गर्दी. मुलं शेपटीकडे धावतात. एका शिक्षकांना गाठून मुलांना वर्गात पाठवायला सांगा, आणि पायलटला शेपटीपाशी उभं राहू द्या. पेशंटपासून तुम्ही हलायचं नाही.

बाकीच्या प्रसंगांबद्दल थोडक्यात. कॅबिनमध्ये धूर किंवा जळका वास आला की पेशंटचं काहीही चालू असो, पायलटला लगेच सांगायचं. उपकरणाची बॅटरी गरम झालेली आढळली तर ते उपकरण ऑक्सिजनपासून दूर. छातीवर विजेचा शॉक द्यायचा असेल तर आधी पायलटला कळवायचं. आणि सगळ्यात मोठा, पण कमी बोलला जाणारा धोका म्हणजे हातपाय झाडणारा पेशंट. डोक्याला मार लागलेला अर्धवट शुद्धीतला माणूस हवेत पट्टे सोडवायला लागला, दाराच्या हँडलला हात घातला, तर ती पायलटसाठी आणीबाणी आहे. त्याचा निकाल उडण्याआधी जमिनीवरच लावायचा. शंका असेल तर औषध द्या किंवा ट्यूब टाकून घ्या, नाहीतर रस्त्याने न्या.

झाल्यानंतरचं. घडलेलं त्याच दिवशी, एकमेकांशी चर्चा करण्याआधी, आपापलं लिहून काढा, वेळा घालून. फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका. कंपनीला लेखी कळवा, सोबत ऑक्सिजनचा आणि ॲम्ब्युलन्सच्या वेळेचा मुद्दा घाला, कारण पुढच्या नर्सला तेच उपयोगी पडेल. त्या पाळीत पुन्हा उडू नका. निदान एक रात्र झोप घ्या. दिव्यांकडे लक्ष जाणं हे काही आठवडे राहतं. माझं दोन महिने राहिलं होतं. झोप उडाली, बेसवर जाताना पोटात गोळा यायला लागला, तर समुपदेशकाकडे जा आणि ते लपवू नका. मीही गेले होते.

राहिले नातेवाईक आणि ते डॉक्टर. नातेवाईकांना मी असं सांगते: "यंत्राने इशारा दिला, म्हणून आम्ही तुमच्या माणसाला सुरक्षित जमिनीवर आणलं. त्या चाळीस मिनिटांत त्यांचं प्रेशर इतकं होतं, ऑक्सिजन इतका होता, आणि मी पूर्ण वेळ त्यांच्याजवळ होते." आकडे खरे सांगायचे, कागद दाखवायचा. उशीर झाला हे कबूल करायचं, त्यावर वाद घालायचा नाही. डॉक्टरांना मात्र एकदा बेसवर बोलवा. पायलटला मॅन्युअलचं ते पान उघडून दाखवू द्या, मेकॅनिकला ती खुंटी त्यांच्या तळहातावर ठेवू द्या. आमच्याकडच्या एका हृदयशल्यविशारदांना आम्ही असंच बोलावलं होतं. ते अर्धा तास त्या खुंटीबद्दल विचारत राहिले. त्यानंतर त्यांचा फोन यायचा तो एवढाच: "उतरलात? ठीक. पेशंट कसा आहे, आणि मी इकडून काय तयार ठेवू?"